नाताळात नागपूर: सदरची रात्र, जंगलाची पहाट की शेतातली दुपार?

नाताळच्या सुट्ट्यांत काय करायचं, याची चर्चा नागपूरच्या घरांत ठिकाणांच्या नावांवरून सुरू होते: सदर, पेंच, खिंडसी, नाहीतर कुणाचं तरी काटोलकडचं शेत. ठिकाणाआधी वेळ ठरवली तर निम्मा घोळ मिटतो. डिसेंबरअखेर इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. दुपारी पारा 27-28 अंशांवर असतो, पहाटे 10-12 वर. उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की आणखी खाली येतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली होती. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्य बुडताच उडून जाते. दुपारी टी-शर्टवर फिरणारा माणूस रात्री आठला कुडकुडतो. म्हणून रात्रीचा, पहाटेचा आणि दुपारचा बेत वेगवेगळा बघायला हवा: कपडे वेगळे, खाणं वेगळं, सोबत कोणाला न्यायचं तेही वेगळं.

रात्र: सदर

शहरातला नाताळ बघायचा तर सदरला. ऑल सेंट्स कॅथेड्रल (1851) आणि कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, दोन्ही याच भागात आहेत. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून सुरू आहे. म्हणजे इथली ख्रिस्ती वस्ती चांगली जुनी, आणि मोहननगर, मेकोसाबागकडच्या गल्ल्यांत दारोदारी लागणारे कागदी तारे मॉलमधल्या उंच झाडापेक्षा कितीतरी बघण्यासारखे.

24 च्या मध्यरात्रीची मिस्सा, 25 ची संध्याकाळ आणि 26 ते 30 मधला कुठलाही दिवस, असे तीन पर्याय आहेत. मिस्सेला जायचं असेल तर ती प्रार्थना आहे हे धरून जावं. कोणत्या भाषेतली उपासना किती वाजता, हे आवारातल्या फलकावर असतं. दिवसा एक चक्कर मारून वाचून यावं. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचलं नाही तर आत जागा मिळत नाही आणि बाहेर खुर्चीवर बसावं लागतं. बाहेर बसून दीड तासात पाय गारठतात, म्हणून जाड मोजे आणि शाल घ्यावी. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत उभं राहू नये, आपल्या जागी बसून राहावं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फोटो मिस्सा संपल्यावर.

25 ची संध्याकाळ सगळ्यात गर्दीची आणि आमच्या मते सगळ्यात कमी हाती लागणारी. गव्हाणीचा देखावा बघायलाच रांग, गाडी लावायला जागा नाही, लहान मूल खांद्यावर. हाच देखावा पुढेही असतो, साधारण 6 जानेवारीच्या सणापर्यंत. 27 किंवा 28 ला संध्याकाळी सहाला गेलात तर निवांत बघता येतो आणि मुलांना मेंढपाळ कोणता, ज्ञानी राजे कोणते, हेही दाखवता येतं.

जायला मेट्रो सोयीची. कस्तुरचंद पार्क किंवा गड्डीगोदाम स्थानकावर उतरायचं आणि तिथून पायी किंवा ऑटोने. मात्र शेवटची गाडी रात्री दहाच्या आसपास जाते, त्यामुळे मिस्सेनंतर स्वतःचं वाहन लागतंच. दुचाकी असेल तर गळ्याभोवती जाड मफलर हवा, तोही थंडीसाठीच नाही. संक्रांत जवळ आली की संध्याकाळच्या उजेडात नायलॉन मांजा दिसत नाही. बंदी असूनही तो सुटत नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा नाताळाआधी आटोपतं. लांबलं (2022 मध्ये 30 डिसेंबरपर्यंत चाललं होतं) तर सिव्हिल लाइन्सकडून सदरला जाण्याचा नाद सोडावा.

केक बेकरीतून घ्यायचा तर चार दिवस आधी सांगून ठेवावा. घरी करताना नागपूरकर हमखास एक गोष्ट करतात: सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवतात. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होत जातो, आणि तो कडवटपणा केकमध्ये उतरतो. मनुका, काळ्या मनुका, चेरी मिळून अर्धा किलो मेवा असेल तर तो पाव लिटर द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवावा. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग दोन फळांपुरता किसून घालावा, पांढरा भाग येऊ देऊ नये. संत्र्याचा ताजा रस पीठ कालवतानाच, अर्धी वाटी.

पहाट: जंगल

आधी खरं सांगायचं तर, वाघ बघणं एवढाच हेतू असेल तर डिसेंबर हा त्याचा काळ नाही. पावसाळ्यातलं गवत अजून उंच असतं, पाणी जागोजागी असतं, त्यामुळे जनावर एका पाणवठ्याला बांधलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये शक्यता जास्त. डिसेंबरात मिळते ती हिरवळ, पक्षी आणि सोसवणारा दिवस.

नागपूरपासून गोठणगाव (उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य) सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर, सिल्लारी (पेंच, महाराष्ट्र) सत्तरच्या आसपास, तुरिया (पेंच, मध्य प्रदेश) नव्वद, मोहर्ली (ताडोबा) दीडशेच्या घरात. पहिल्या दोन ठिकाणी पहाटे साडेचारला निघून सकाळची फेरी गाठता येते. मोहर्लीला तसं करायचा प्रयत्न करू नये. रात्री अडीचला उठलेली मुलं जिप्सीत झोपतात आणि चालवणाराही पेंगतो. तिथे मुक्कामच हवा. ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, मध्य प्रदेशातलं पेंच बुधवारी दुपारी. सुट्टीत वार लक्षात राहत नाही आणि नेमका तोच दिवस निवडला जातो.

नाताळच्या आठवड्याचं आरक्षण फार आधी भरतं. डिसेंबर उजाडल्यावर ठरवणाऱ्यांनी गाभ्याचा हट्ट सोडून बफरचं, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्याचं, प्रवेशद्वार बघावं. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र सोबत हवं. एका प्रवेशद्वाराचं आरक्षण दुसऱ्यावर चालत नाही. सिल्लारीचं काढून खुर्सापारला पोहोचलं की तिथून परतच यावं लागतं. जिप्सीत सहा जण बसतात आणि भाडं गाडीमागे असतं, म्हणून तिघांनी गेलं तर माणशी खर्च दुपटीने वाढतो.

उघड्या गाडीत दहा अंशांची हवा वाऱ्यामुळे सहा-सातसारखी लागते. चूक सहसा स्वेटरची नसते, वरच्या थराची असते. लोकरीच्या जाड स्वेटरातून वारं आरपार जातं. आत सुती बनियन, मध्ये स्वेटर आणि सगळ्यात वर वारं अडवणारं जॅकेट. कान झाकणारी टोपी, हातमोजे, आणि गुडघ्यांवर टाकायला घरचं ब्लँकेट. एका रांगेला एक पुरतं. साडेनऊला हे सगळं काढावं लागतं, म्हणून बटणांचं किंवा चेनचं असावं. लाल-पिवळं टाळावं.

पाच वर्षांखालचं मूल किंवा दम्याचा त्रास असलेले आजोबा सोबत असतील तर दुपारची फेरी घ्यावी. ती उन्हात सुरू होते आणि थंडी शेवटच्या तासालाच लागते.

31 डिसेंबर 2024 ला गोठणगावकडे एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गर्दीच तशी असते. वाटाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे आपणच असतो, तेव्हा ते म्हणू नये.

पेंचचाच एक रात्रीचा पर्याय फार कमी जण विचारात घेतात. महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं आणि सिल्लारीजवळ वाघोलीला आकाशनिरीक्षणाची सोय आहे. डिसेंबरात संध्याकाळनंतर कृत्तिका आणि मृग पूर्वेला वर येतात, हवा कोरडी असल्याने तारे स्वच्छ दिसतात. दिनदर्शिकेत तिथी बघून घ्यावी. शुक्ल अष्टमीपासून वद्य चतुर्थीपर्यंत चंद्र आड येतो. सिल्लारीला मुक्काम, रात्री आकाश आणि सकाळी जंगल, असा बेत जमला तर गाडीचा खर्च एकाच फेरीत वसूल.

दुपार: शेत

म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि पाहुणे असा दहा-पंधरा जणांचा गोतावळा असेल तर दुपारीच बाहेर पडावं. अकरा ते चार. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं असा नागपुरात वर्षातला हा एकच काळ.

हुरड्याच्या जाहिरातींना भुलण्याआधी फोन करून विचारावं. नागपूरच्या आसपास ज्वारीचा पेरा आता फारसा राहिलेला नाही, आणि रब्बीचा हुरडा खरा भरतो जानेवारीत. नाताळात कणीस कोवळं असलं तर भाजताना चीक निघतो, दाणा तळहातावर चिकटतो आणि कूसही सुटत नाही. ‘कणीस भरलं का, की चिकात आहे?’ एवढं विचारलं की शेतकरी खरं सांगतो. या आठवड्यात खात्रीने मिळतात त्या तुरीच्या शेंगा. ओले सोले (तुरीचे ताजे दाणे) निघत असतात, म्हणून सोले-वांग्याची भाजी आणि सोल्यांच्या कचोऱ्या असा बेत ठेवला तर हुरड्यावाचून अडत नाही.

काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतही असंच. आंबिया बहाराची तोडणी या दिवसांत संपत आलेली असते आणि बाग बऱ्याचदा आधीच व्यापाऱ्याला विकलेली असते. शेतकरी ओळखीचा असला तरी झाडावरचं फळ त्याचं नसतं. तोडायचं असेल तर आधी परवानगी, आणि ओढून नव्हे, कात्रीने. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि फळ दोन दिवसांत सडतं.

शेतातल्या जेवणाचा मुख्य भाग रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे जाड गोळे. दहा जणांना अडीच किलो गहू जाडसर दळून घ्यावा, बोटांना रवा लागला पाहिजे. त्यात पाव लिटर तेल कडकडीत करून मोहन, मीठ, दोन चमचे ओवा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. तीन-चार पाऱ्या लहान-मोठ्या करून, मध्ये तेलाचं बोट फिरवून, एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्यात मोठीने बाहेरून बंद करायच्या. भाजल्यावर पापुद्रे सुटतात ते यामुळे.

बिघडतं ते विस्तवावर. गोवऱ्यांची ज्योत पूर्ण बसून धूर थांबेपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस मिनिटं, रोडगे टाकायचे नाहीत. जेवणाची घाई झालेले पाहुणे नेमके इथे आडवे येतात. ज्योतीवर टाकलेला रोडगा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. गोवऱ्या दमट असतील तर सगळ्या जेवणाला धुराचा वास. पीठ सैल झालं तर राख चिकटते आणि फडक्याने पुसूनही जात नाही. निखारे पसरून, रोडगे मांडून, वरून गरम राख लोटावी. वीस मिनिटांनी उलटवावे, पुन्हा वीस मिनिटं. एक फोडून बघावा. मधली पारी ओलसर दिसली तर परत राखेत. मग हातात चुरून, तूप ओतून, वरण आणि वांग्याच्या भाजीसोबत. अर्धा किलो तूप कमी पडतं, पाऊण किलो न्यावं.

शेत मिळत नसेल तर रामटेक-खिंडसी. पन्नासेक किलोमीटर, गडावर सकाळी दहाच्या आत, मग खिंडसीला नौकाविहार, परतीला मनसरचं उत्खनन. आजी-आजोबांना गडाच्या पायऱ्या नकोत, गाडी वरपर्यंत जाते.

चिखलदरा आणि पचमढी या आठवड्यात नकोच. दोन्ही सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, किमान दोन मुक्काम लागतात, खोल्या महाग, आणि चिखलदऱ्याचे धबधबे डिसेंबरात आटत आलेले असतात.

कोणी काय निवडावं

जोडपं किंवा चार मित्र असतील आणि आरक्षण हातात असेल तर पेंचचा एक मुक्काम, बाकी सगळं दुय्यम. आरक्षण नसेल तर जंगलाच्या मागे धावण्यात सुट्टी घालवू नये. शाळकरी मुलं असलेल्या घराने 27-28 ची सदरची संध्याकाळ आणि एक दुपार खिंडसीला, असं केलं तर खर्च पेट्रोल आणि खाण्यापुरताच. तीन पिढ्या एकत्र असतील तर शेत. तिथे खर्च माणशी सगळ्यात कमी, पण कष्ट सगळ्यात जास्त, आणि ते कष्ट घरातल्या दोन बायकांवर पडणार असतील तर आचारी सांगावा.

आदल्या दिवशी आभाळ भरून आलं तर पहाटेची थंडी कमी होते, त्यामुळे जंगलवाल्यांचं फारसं बिघडत नाही. शेतवाल्यांचं बिघडतं. डिसेंबरअखेरच्या अवकाळी सरीत गोवऱ्या भिजल्या की त्या दिवशी पेटत नाहीत. रोडग्याचं तेच पीठ घरी ओव्हनमध्ये 180 अंशांवर चाळीस मिनिटं, अर्ध्यात एकदा उलटवून, बरं भाजलं जातं. धुराची चव येत नाही, पापुद्रे मात्र सुटतात.