३.२ कॅरेराचे प्लग: वरून चाचपडत काढावे की आधी ब्लोअर-कंप्रेसर हलवावा?

पोर्शे ९११ ची ३.२ कॅरेरा, म्हणजे १९८४ ते १९८९ वाली, तिचे स्पार्क प्लग घरी बदलायचे तर रस्ते दोनच. एक तर काहीही न काढता एक्स्टेंशनला, म्हणजे पान्याच्या लांब दांड्याला, युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कुठेही वाकणारा सांधा, लावून वरून अंदाजाने काम करायचं, नाहीतर डावीकडचा हीटर ब्लोअर, म्हणजे हीटरचा पंखा, आणि उजवीकडचा एसी कंप्रेसर आधी बाजूला घ्यायचा आणि मगच प्लगला हात लावायचा. मी दोन्ही केलंय. गाडी नंतर सारखीच चालते, त्यामुळे ज्याला जे जमेल ते त्याने करावं, माझा काही हट्ट नाही.

पहिल्या पद्धतीच्या बाजूने बोलायचं तर ती खरंच झटपट आहे, आणि एवढ्या जुन्या गाडीत जे हलवलं नाही ते फाटत नाही हेही खरं. हीटरचे जुने होज, म्हणजे हवेच्या नळ्या, हात लागला की सुटून येतात. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला तर काही काढायची गरजच वाटत नाही. त्रास आहे तो ३ आणि ६ ला, दोन्ही पार केबिनच्या बाजूला दडलेले, ३ च्या वर ब्लोअर आणि त्याचा पाइप, उजव्या बाजूच्या वाटेत कंप्रेसर.

आणि माझं मन दुसऱ्या पद्धतीकडे फिरलं ते ३ नंबरवरच. प्लगच्या गोटीत, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या सॉकेटमध्ये, आत रबर असतं, ते प्लगला इतकं घट्ट धरतं की ओढताना एक्स्टेंशन वर येतं आणि गोटी खाली प्लगवरच बसून राहते. एक्स्टेंशनला तिकडे धरून ठेवणारं काय, तर एक बारीकशी स्प्रिंगवाली गोळी. मग इंजिनवरच्या पत्र्याच्या भोकात खोल, न दिसणाऱ्या जागी, लुळा पडणारा जॉइंट त्या चौकोनी खाचेत पुन्हा बसवत राहायचं, आणि बोटं तिथवर पोचत नाहीत. नवीन प्लग आवळून झाल्यावर हे झालं तर गोटी तशीच सोडताही येत नाही, वायरीची टोपी बसणार कुठे? जॉइंटवर टेप गुंडाळून फरक पडतो, लॉकवालं एक्स्टेंशन घेतलं तर बराच पडतो, तरी माझ्या मनातून ती धास्ती काही गेली नाही.

कारण खाली हेड ॲल्युमिनियमचं आहे. प्लग तिरका लागून आटे गेले तर दुरुस्तीसाठी इंजिन उतरवायची वेळ येऊ शकते. मी रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकावर खोचून बोटांनीच सुरुवात करतो, आटा चुकला तर नळी घसरते, जोर लागत नाही. ब्लोअर काढलेला असला की नळी सरळ खाली जाते, नसला की ती वाकते आणि हाताला कळतच नाही प्लग फिरतोय की नळी. टॉर्कचं, म्हणजे आवळायच्या जोराचंही तेच, २५ ते ३० न्यूटन मीटरच लावायचाय, पण जॉइंट तिरका असताना पाना दाखवतो तेवढाच टॉर्क खाली पोचतो असं नाही. शिवाय हे हवेवर थंड होणारं इंजिन, टोपीवरचं रबर पत्र्याचं भोक नीट बंद करतंय की नाही हे डोळ्यांनी दिसलेलं मला बरं वाटतं, नाहीतर सिलिंडरवरून जायची हवा तिथूनच निसटते.

दुसऱ्या पद्धतीत वेळ जातो, दुपार जाते म्हणा. पण कंप्रेसरचे गॅसचे पाइप उघडायचे नाहीत, बेल्ट आणि बोल्ट सोडायचे आणि तो जाड कापडावर बाजूला टेकवायचा, पाइपांवर लटकत ठेवू नका. हीटरचे होज मात्र आधीच नवीन मागवून ठेवा. आणि कुठल्याही पद्धतीने करा, इंजिन पूर्ण गार हवं आणि प्लग सोडायच्या आधी भोकात हवा मारून कचरा उडवायचा.

तुमच्या गाडीतला एसी आधीच कुणी काढून टाकला असेल तर उजवी बाजू तशीही मोकळी आहे, फक्त ब्लोअर काढायचा, तेवढ्यासाठी चाचपडत बसू नये असं मला वाटतं. आणि क्लच लवकरच करायचा असेल तर थोडं थांबा, त्यासाठी इंजिन खाली येणारच आहे, प्लग आणि वायरी तेव्हाच टाका.