कोलोराडो झेडआर२ आणि मागे ट्रेलर: दीड वर्षाच्या वापरानंतर

झेडआर२, म्हणजे शेव्हरोलेटच्या कोलोराडो पिकअप ट्रकचा कच्च्या वाटांसाठी बनवलेला अवतार, राहण्याचा ट्रेलर ओढतो का? ओढतो, आणि मजेत ओढतो. पण ट्रेलरसोबत सायकली, जळाऊ लाकूड, भरलेला कूलर आणि भारतातून आलेले आई-बाबा असं सगळं एकदम घेऊन निघायचा बेत असेल, तर हा ट्रक घेऊ नका. इंजिनाची काही तक्रार नाही. सगळी मेख ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरमध्ये आहे. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर वजन जाता कामा नये. आमच्या ट्रकवर हा आकडा १,१२० आहे, म्हणजे जेमतेम ५०८ किलो.

आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. नवरा, मी आणि नऊ वर्षांची मुलगी. ट्रक २०२४ चा: २.७ लिटरचं टर्बो इंजिन, ३१० हॉर्सपॉवर, ४३० पौंड-फूट टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक होणारे, ३३ इंची टायर. (होय, कोलोराडोत राहून कोलोराडो घेतला. यावरचे सगळे विनोद आमच्या ओळखीच्या मंडळींनी करून झालेत.) तो घेतला डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी. ट्रेलर नंतर आला. एकच अ‍ॅक्सल, सतरा फुटांच्या आसपास लांबी, भरून जास्तीत जास्त ३,८०० पौंड. चालवणं बहुतेक माझ्याकडे असतं, कारण नवऱ्याला ट्रेलर रिव्हर्स करायचा कंटाळा आहे आणि मला तो करताना त्याने केलेल्या सूचनांचा.

ट्रेलर पाहायला गेलो तेव्हा विक्रेता आम्हाला सरळ ५,५०० पौंडांच्या, दोन बेडरूमवाल्या ट्रेलरकडे घेऊन गेला. त्याचा हिशोब सोपा: "तुमचा ट्रक ६,००० ओढतो ना? मग झालं तर." आकडा खरा आहे. झेडआर२ ची ओढण्याची अधिकृत क्षमता ६,००० पौंड, म्हणजे सुमारे २,७२० किलो आहे. पण त्याच इंजिनाच्या, त्याच पिढीच्या साध्या कोलोराडोची ७,७०० आहे, हे तो बोलला नाही. जास्त पैसे मोजून घेतलेला ट्रक कमी का ओढतो, हा प्रश्न खरं तर शोरूममध्येच पडायला हवा. खडकावर चाक खालीवर व्हावं म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवलेल्या, सस्पेन्शनचा प्रवास लांब, ट्रक उंच, टायर जाड आणि लवचिक. कच्च्या वाटेवर हे सगळं वरदान आहे आणि मागे वजन लटकलं की हेच नडतं. ही काही एकट्या शेव्हीची गोष्ट नाही. फोर्डचा रॅप्टर ८,२०० पौंड ओढतो, तर साधा एफ-१५० योग्य जुळणीत १३,००० च्या वर जातो. जीप ग्लॅडिएटरचा वाळवंटासाठी बनवलेला मोजावे ६,००० वर थांबतो, आणि त्याच गाडीचा साधा स्पोर्ट टोइंग पॅकेज घेतलं तर साडेसात हजार ओलांडतो.

आणि हा ६,००० चा आकडासुद्धा कुटुंबकबिला घेऊन फिरणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. त्याच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे स्टिकरवरची ती वजनाची मर्यादा, संपतो.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर यावा लागतो. याला टंग वेट म्हणतात. तो कमी ठेवून चालत नाही, कारण मग वेगात ट्रेलर मागे डुलायला लागतो आणि एकदा डुलायला लागला की ट्रकलाही हलवतो. आता, माहितीपत्रकात आमच्या ट्रेलरचं वजन ३,००० पौंड आणि टंग वेट ३४० लिहिलेलं आहे. ते कोरड्या, रिकाम्या ट्रेलरचं. त्यात बॅटरी नाही. गॅसच्या दोन टाक्या नाहीत, आणि २० पौंड गॅसची एक टाकी भरल्यावर ३७ पौंडांची होते. पाणी नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड तिथेच गेले. गाद्या, भांडी, चादरी, खुर्च्या वेगळ्याच. कुकरचं वजन मी धरत नाही. नऊ हजार फुटांवर कुकरशिवाय तूरडाळ शिजवून दाखवा, मग बोलू.

म्हणून तोंडी हिशोबावर न जाता ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, वजन करून घेतलं. हे प्रत्येकाने करावं, अर्ध्या तासाचं काम आहे. काट्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांच्यासाठी वेगवेगळे पट्टे असतात. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा नुसत्या ट्रकचं वजन केलं की दोन पावत्यांच्या वजाबाकीत सगळं समजतं. आमचा भरलेला ट्रेलर ३,७०० च्या आसपास निघाला आणि टंग वेट ४६०. पावतीवर त्याहून बोलका आकडा दुसराच होता: नुसता ट्रेलर अडकवल्यावर ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ६४० पौंड चढले आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून १८० उतरले. सांगलीकडे गळीत हंगामात उसाने खचाखच भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन उचलतात ना, त्याचाच हा सभ्य अवतार. स्टीअरिंग हाताला पोकळ लागतं, आणि रात्री समोरून येणारे लोक दिवे मारतात कारण आपले हेडलाइट आकाशाकडे बघत असतात.

यावर उपाय वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. दोन जाड पोलादी दांडे ताण देऊन बसवले की वजनाचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर परत जातो. आमच्याकडे उचललेल्या १८० पैकी १२० पुढे परत आले आणि गाडी सरळ चालायला लागली. पण नीट समजून घ्या, या हिचने पेलोड वाढत नाही. उलट तिचं स्वतःचं वजन ६५ पौंड आहे, तेही त्याच १,१२० मधून जातं. शिवाय ट्रक मुळातच उंच, त्यामुळे ट्रेलर जमिनीला समांतर राहावा म्हणून ट्रेलर ज्यावर बसतो तो बॉल बराच खाली आणणारा शँक (जोडदांडा) लागतो. हिचबरोबर आलेला आम्हाला पुरला नाही, दुसरा घ्यावा लागला.

आता बेरीज-वजाबाकी करा. १,१२० मधून ४६० आणि ६५ गेले, उरले ५९५. आम्ही तिघं मिळून ३७०. उरले २२५ पौंड, त्यात कूलर, हत्यारं, लाकूड आणि मुलीची सायकल. जमतं. गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे सांगलीहून आले. दोघांचे मिळून २५५ पौंड. सीट पाच आहेत, माणसं पाच आहेत, आणि कूलर चढवायच्या आधीच आपण ३० पौंडांनी स्टिकरच्या वर. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे जीपमध्ये बारा जण बसतात." बसतात, आणि मागे दीड टनाचं घर नसतं. शेवटी मी आणि बाबा ट्रकमध्ये, बाकीचे मागून आमच्या दुसऱ्या गाडीत, असेच फिरलो. आईंना मात्र एकच काळजी होती: हे घर मध्येच सुटलं तर? त्यांना साखळ्या दाखवल्या, आणि बारीक वायरीला बांधलेली ती पिनसुद्धा दाखवली, जी ट्रेलर सुटला की उपटली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्यांनी पिन दोनदा हाताने चाचपून पाहिली, मगच गाडीत बसल्या.

चढाला इंजिन खूश करतं. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढच चढ आहे. बोगदा १९७३ साली सुरू झाला आणि ११,१५८ फुटांवर आहे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बोला हवेच्या विरळपणाचा त्रास त्या मानाने खूपच कमी. टो-हॉल मोड (ओढताना गिअर बदलायची वेगळी पद्धत) लावून आम्ही उजव्या लेनमधून ताशी ५० मैलांनी शांतपणे वर जातो, इंजिन ओरडतं पण दमत नाही. एक बारकावा: आमच्या राज्यात पंपावर 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं आणि या ट्रकला किमान ८७ लागतं. ट्रेलर मागे असताना त्यात काटकसर करू नका.

उतार हा वेगळा विषय. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प आहेत. परत येताना डेन्व्हरच्या तोंडाशी, सगळं सपाट झालं असं वाटतं तिथेच, 'तुम्ही अजून खाली पोहोचलेले नाही' अशी ट्रकवाल्यांना बजावणारी पाटी आहे. ती आपल्यालाही लागू. टो-हॉलमध्ये गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर धरून ठेवतो, ब्रेकला अधूनमधून स्पर्श केला की पुरतं. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर दर वेळी निघताना रिकाम्या जागेत जुळवून घ्यावा. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरला एकच आकडा चालत नाही.

वारा मात्र चुकवता येत नाही. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात हलक्या आणि उंच गाड्यांना बंदी घालणारे फलक लागतात, आणि ते लागले की आम्ही मुकाट थांबतो. जाड खोबणीच्या मड टायरांच्या भिंती मऊ असतात, बाजूचा झोत आला की ट्रक टायरांवरच किंचित हलतो. हवेचा दाब स्टिकरवर दिलाय तितका थंड टायरमध्ये नीट भरला की फरक पडतो. कच्च्या वाटेसाठी कमी केलेला दाब तसाच ठेवून ट्रेलर जोडणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

पेट्रोलचं काय सांगू. एरवी गॅलनला १७-१८ मैल, ट्रेलर लावला की ९-१०, वारा समोरून असेल तर ८. टाकी २१.४ गॅलनची. म्हणजे निर्धास्तपणे १७० मैल धरा. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना हा शंभरहून जास्त मैलांचा टप्पा आहे, मध्ये एकही पंप नाही. ग्रीन रिव्हरला टाकी अर्धी असली तरी भरून घ्यायची, यात आमच्या घरी चर्चा होत नाही.

मग हा ट्रक ठेवायचा कशाला? युटातल्या मोआबसाठी. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडायचा, हिच काढून ठेवायची, टायरांची हवा उतरवायची आणि सकाळी कॅनियनलँड्समधल्या शेफर ट्रेलची वळणं उतरायला लागायचं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, खाली लाल दगड. तिथे या ट्रकचे डँपर (शॉक अब्सॉर्बर) जे काम करतात ते पाहिलं की पेलोडचा राग विसरायला होतो. खड्डा दिसतो, आता आपटणार म्हणून पाठ ताठ करतो, आणि आपटतच नाही. ७,७०० पौंड ओढणारा साधा ट्रक घेतला असता तर ही सकाळ इतकी सुखाची झाली नसती.

दोन्ही गुण एकत्र लागतात ते जंगल खात्याच्या किंवा बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) जमिनीवर फुकट तळ टाकताना. वाट उखडलेली, चढावर सैल खडी. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) लावून ट्रक ट्रेलरला मुंगीच्या पावलाने वर नेतो, आणि मातीवर रिव्हर्स घेताना तर फोर-लोसारखं सुख नाही, गाडी इंच-इंच सरकते. डांबरावर मात्र हे करू नये, वळताना गिअर-शाफ्ट आखडतात. पण ट्रक जाईल तिथे ट्रेलर जाईलच असं नाही. ट्रेलरचे मागचे टेकू जमिनीपासून फार उंच नसतात. ओढ्याच्या एका उताराला ट्रक बाहेर पडला आणि ट्रेलरचा मागचा कोपरा खरवडला. आता अनोळखी वाट असेल तर नवरा आणि मुलगी आधी चालत जाऊन बघून येतात.

ट्रेलर घरासमोर उभा करायला आमच्या सोसायटीची परवानगी नाही, त्यामुळे तो भाड्याच्या यार्डात असतो आणि ते भाडं हिवाळ्यातही चालूच राहतं. ऑक्टोबरात नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरलं की त्याला एप्रिलपर्यंत सुट्टी. ट्रकला सुट्टी नाही. बर्फात मड टायर फार भरवशाचे नाहीत, म्हणून यंदा त्याच मापाचे, बर्फाचं चिन्ह असलेले ऑल-टेरेन घालतोय. ते वहनक्षमतेच्या खालच्या, म्हणजे हलक्या, श्रेणीत मिळतात का, ते आधी बघायचंय, कारण मोठ्या श्रेणीच्या टायरचा प्रत्येक जादा पौंड पुन्हा त्या १,१२० मधूनच जाणार.