वेबॅक मशीन: बंद पडलेले विज्ञान-ब्लॉग वाचायची सोय

फुकट आहे, वाचायला खातं लागत नाही, जाहिराती नाहीत. वेबसाइटींच्या पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेची ही सेवा 2001पासून सगळ्यांना खुली आहे आणि ऑक्टोबर 2025मध्ये तिथल्या जतन केलेल्या पानांचा आकडा 1 लाख कोटींवर गेला. मी मात्र तिच्याकडे एकाच कामासाठी जाते, म्हणून हा अभिप्रायही तेवढ्यापुरताच.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारला घरीच अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेते. एक काळ असा होता की शिकवण्याचा निम्मा मसाला मला विज्ञान-ब्लॉगांवर मिळायचा. मार्च 2010मध्ये 'सनाजेह इंडिकस'चा शोधनिबंध आला. जीवाश्म आपल्या गुजरातेतलाच, धोळी डुंगरीचा: डायनासोरच्या घरट्यात फुटक्या अंड्याला वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी हा दगड 1980च्या दशकात शोधला होता. त्यात साप आहे हे अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ जेफ विल्सन यांच्या लक्षात आलं 2001मध्ये. निबंध कुणालाही वाचायला खुला होता, पण मणक्यांवरून साप कसा ओळखतात हे मला कळलं ते ब्लॉगवाल्यांमुळे. सयाजीबागेच्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्यासमोर मुलांना उभं करून मी अजूनही मणक्यांपासूनच सुरुवात करते.

त्या ब्लॉगजगाची खरी ताकद दिसली डिसेंबर 2010मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असं नासाने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड बाईंनी दोन दिवसांत स्वतःच्या ब्लॉगवर त्यातली खोट दाखवली: डीएनए पुरेसा शुद्ध केलेलाच नव्हता. तरी 'सायन्स' या नियतकालिकाने त्या दाव्याचा आपल्याकडे छापलेला निबंध मागे घेतला 2025मध्ये! वर्गात हा किस्सा सांगितला की पोरं प्रयोगवही जरा नीट लिहितात.

आता सेवेबद्दल. ब्लॉगचा जुना पत्ता टाकायचा, वर्ष निवडायचं, कॅलेंडरवर निळा गोल असलेली तारीख दाबायची. हिरवा गोल म्हणजे ते पान दुसरीकडे वळवलेलं असतं. साइन्सब्लॉग्ज हे अनेक विज्ञान-ब्लॉगांचं एकत्र मोठं घर, जानेवारी 2006मध्ये सुरू झालेलं. जुलै 2010मध्ये मालकांनी तिथे पेप्सिको कंपनीला आहारावरच्या ब्लॉगसाठी जागा विकत दिली. लेखक भडकले, तो ब्लॉग काही दिवसांत काढला, तरी बरेच जण निघून गेले ते गेलेच. जून 2010चं आणि वर्षअखेरीचं मुखपान शेजारी-शेजारी उघडा, कोणती नावं गळली ते ताडून बघता येतं. 2017च्या ऑक्टोबरअखेरीस ते घरही बंद झालं.

विज्ञान-ब्लॉगांचं जग ओसरलं याचं सगळं खापर लोक पेप्सीवर फोडतात. मला ते पटत नाही. 1 जुलै 2013ला गूगल रीडर बंद झालं आणि रोज सकाळी कुणी काय नवीन लिहिलंय हे एका जागी दिसायची सोय गेली. वादविवाद ट्विटरवर गेले. चांगल्या लेखकांना मासिकांनी उचललं. विज्ञान-ब्लॉगर एड याँग 'अटलांटिक'मध्ये गेले आणि 2021मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं. त्यांचं भलं झालं, आनंदच आहे. पण लेखाखाली पाच तज्ज्ञ येऊन लेखकाशी भांडायचे, ते परत दिसलं नाही.

आणि नेमकी तिथेच ही सेवा कमी पडते. कॉमेंट पानातच असतील तर मिळतात. बाहेरच्या सेवेवरून येत असतील तर बहुतेक वेळा जागा कोरी. चित्रंही बऱ्याचदा नसतात. लेखांच्या आतला एखादा शब्द शोधायची सोय नाही, पत्ता माहीत हवा. म्हणून एका चालू पानाच्या जुन्या नोंदीपासून सुरुवात करा आणि कडेला असलेल्या 'माझे आवडते ब्लॉग' यादीतून पुढे सरका. अशा याद्यांतूनच मला बरेच विसरलेले पत्ते सापडले.

एक सावधगिरी: ऑक्टोबर 2024मध्ये या संस्थेवर सायबर हल्ला होऊन 3 कोटींहून जास्त खात्यांची माहिती फुटली आणि सेवा काही दिवस बंद होती. तेव्हा जे खरंच लागणार आहे, त्याची पीडीएफ आपल्याकडेही ठेवा. तुमचा स्वतःचा ब्लॉग असेल तर 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता टाकून द्या, कॉमेंटच्या पानांसकट.

पाचात चार स्टार.