वायर बदलू, डोंगल घेऊ, की नवीन लॅन कार्ड टाकू?

प्लान २०० किंवा ३०० एमबीपीएसचा, मोबाईलला वायफायवर बऱ्यापैकी येतंय, आणि वायर लावलेल्या कॉम्प्युटरवर मात्र स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे जायलाच तयार नाही, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानात जाल तर दुकानदार आधी लॅन कार्डच दाखवेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारं, नेटच्या वायरीचं पोर्ट असलेलं कार्ड; तेच काम बाहेरून यूएसबीला लावून करणारा तो डोंगल. थांबा जरा.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, तिथे खाली लिंक स्पीड दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर आणि वायरीच्या पलीकडचं पोर्ट यांच्यात ठरलेला वेग. १०००/१००० असेल तर तुमची वायरही बरी आणि कार्डही बरं, दुखणं दुसरीकडे कुठेतरी आहे, यांच्यावर एक रुपया खर्च करू नका. १००/१०० असेल तर पुढचं वाचा. पण त्याआधी वायर राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा, कारण कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांना एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं असतं आणि बाकीची शंभरचीच. हे फुकटात होतं.

आता वायर. आत ८ तारा, म्हणजे ४ जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना, गिगाबिटला मात्र चारही लागतात. त्यामुळे बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा पिन कळकली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर येतं आणि कोणाला वायरीचा संशयच येत नाही. आपल्याकडे कोकणात तर खारी हवा, त्यात जून ते सप्टेंबर सगळं दमट, मालवण-देवगडकडे किनाऱ्यालगतच्या घरात कनेक्टरच्या पिना हिरवट पडलेल्या बघायच्या असतील तर टॉर्च मारून बघा. पडवीच्या कडेने ओढलेली साधी घरातली वायर उन्हाने तडकते, मग पाणी आत शिरतं. आणि उंदीर आहेतच.

म्हणून माझं मत, १००/१०० दिसलं की आधी वायर. वायरीवर कॅट आणि आकडा असा तिचा दर्जा लिहिलेला असतो; कॅट ५ई गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, कॅट ६ मिळाली तर उत्तम, कॅट ८ वगैरेच्या नादाला लागू नका. वायर घेताना टोक सोलून तांबं चाकूने खरवडायचं, आतून पांढरं निघालं तर ती सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, आपल्या हवेत ती लवकर सडते. बाहेरून न्यायची असेल तर आउटडोअरची काळी वायर मागा, आणि चिऱ्याच्या भिंतीतून आत घेण्याआधी बाहेर थोडा झोळ सोडा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी वायरीवरून सरळ घरात येतं.

वायर बदलूनही शंभरच? मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचं स्पीड अँड डुप्लेक्स ऑटोवर आहे का बघा. कोणीतरी हाताने १०० फुल करून ठेवलेलं असतं, समोरचं टोक त्यामुळे हाफवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेला, जातं आणि मग शंभरही मिळत नाही, नेट अक्षरशः रांगतं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरही नवा टाकून घ्या. एवढं करूनही काही हललं नाही तर मग डोंगल की कार्ड हा प्रश्न.

लॅपटॉप असेल तर प्रश्नच नाही, डोंगल. यूएसबी ३ चं पोर्ट हवं, यूएसबी २ ला कागदावर ४८० आणि हातात साधारण ३०० पडतात, तेही शंभरापेक्षा बरेच. पाकिटावर गिगाबिट लिहिलंय ना तेवढं वाचा, १०/१०० वाले डोंगल अजून विकतात आणि ते आणलंत तर होतात तिथेच राहाल. डेस्कटॉप असेल तर मी कार्डच घेईन, किंमत दोन्हीची हजाराच्या आतबाहेर, पण कार्ड कॅबिनेटच्या आत एकदा बसलं की धक्का लागून निघत नाही. मदरबोर्डवर कार्ड बसवायचा पीसीआय एक्सप्रेसचा लहान स्लॉट रिकामा आहे का तेवढं आधी बघा. मे महिन्यात वळीव कडाडून गेला आणि त्या दिवसापासूनच पोर्ट शंभरावर अडकलं असेल किंवा त्याची लाईटच लागत नसेल, तर कार्ड सरळ घ्या, ड्रायव्हरमध्ये वेळ घालवू नका.

ज्यांची दुसरी खोली खळ्याच्या पलीकडे आहे, होमस्टेची म्हणा किंवा आंबा पॅकिंगची, त्यांनी मात्र तांब्याची वायर नकोच. जवळपास वीज पडली तरी उघड्यावरच्या तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांचं सामान जातं. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे वायरीचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे, आणि मधे फायबर, म्हणजे काचेची तार; खर्च जास्त आहे, पण काच वीज वाहून नेत नाही. फक्त बाहेरच्या फायबरला आधाराची लोखंडी तार असते ना, ती भिंतीबाहेरच तोडायला सांगा.