एकच बोल तासभर, की तीन बोल आलटून-पालटून?

तबल्याला रोज एकच तास मिळतो. तो कसा वापरायचा, याचे दोन्ही प्रकार मी करून पाहिलेत. आधी धिरधिरचा रेला (वेगाने सलग वाहणारी बोलांची रचना) धरला की तासभर तोच, दुसऱ्या दिवशी तिरकिटचा कायदा (ठरावीक बोलांवर विस्तार करायची रचना), तिसऱ्या दिवशी ठेके (तालांचे मूळ बोल). नंतर तिन्ही रोज घ्यायला लागलो. पाच-सात आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) झाली की तिन्हींच्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची, जे येईल ते वाजवायचं.

एकच बोल घोटण्याचं सुख मोठं आहे, हे आधीच सांगतो. वीस मिनिटांत मनगट सैल होतं, तळवा शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) आपसूक डोलू लागतो, लेहऱ्याची (सोबत फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेची) लय वाढवली तरी बोल तुटत नाही. उठताना वाटतं, आज हात बसला.

पण क्लासला गेलो की सर तबला सुरात लावून म्हणायचे, "हं, रेला." ती वीस मिनिटं तिथे कुठली मिळायला! आदल्या रात्री खळाळणारा धिरधिर पहिल्या आवर्तनात चिकटायचा, दुसरा आघात गिळला जायचा. आठ-दहा आवर्तनांनी हात सुटायचा, तोवर सर पुढच्या पलट्यावर (त्याच बोलांच्या फिरवलेल्या रूपावर) गेलेले असायचे. कित्येक महिने हेच चाललं. साथीला बसल्यावर तर पहिलंच आवर्तन हातात असतं. बाकी काहीही चाललं असतं, हे एक मला चालेना, आणि मी चिठ्ठ्यांकडे वळलो.

सुरुवातीचे पंधरा दिवस वाईट गेले. ठेक्यांत तीनताल सोडून रूपक ताल निघाला की समेवर (पहिल्या मात्रेवर) 'ती' हवी, खाली म्हणजे डग्ग्याच्या घुमाराशिवाय हवी. हात मात्र सवयीने 'धा' देऊन मोकळा व्हायचा. रोज वाटायचं, आपण मागे चाललो आहोत. पण दर वेळी बोल नव्याने आठवून हातात आणावा लागत होता, आणि क्लासमध्ये नेमकं तेच तर लागतं. दीड-दोन महिन्यांनी रेला थंड हातानेही सुटा येऊ लागला.

शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या 3 हालचाली शिकवून हेच पाहिलं होतं. एकेक हालचाल सलग करणारे सरावात पुढे होते. 10 दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून करणारे सरस ठरले. बॅडमिंटनच्या 3 सर्व्हिसवर 1986 मध्ये गुड आणि मॅगिल यांनाही साधारण तसंच दिसलं. तबल्यावर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही, म्हणून मी माझ्या हातापुरतंच बोलतो.

बोल अगदी नवा असेल, कुठलं बोट कुठे पडतं हेच कळत नसेल, तर पहिले सात-आठ दिवस तो एकटाच घ्यावा, असं मला वाटतं. लहान मुलांनाही एकदम चिठ्ठ्या देऊ नयेत, कंटाळतील. पण निकास (बोल हातातून काढायची पद्धत) बसला, बोल ओळखीचा झाला, की तासभर तोच घोटायचं माझं मन आता होत नाही.

ठरत नसेल तर रोज रियाजाला बसल्या बसल्या, हात गरम व्हायच्या आत, पहिलं आवर्तन मोबाइलवर रेकॉर्ड करा. महिनाभर एका पद्धतीने, महिनाभर दुसरीने. तासाच्या शेवटचं वाजवणं जमेला धरू नका, ते दोन्हीकडे छानच येतं.