सायगॉनमध्ये बान्ह मी कुठे खावा: होआ मा, हुइन्ह होआ की न्यू लान?

मुंबईहून व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीत कुणी ना कुणी तिकडे निघालेलं असतं. व्हिसा आणि सिमकार्डाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: बान्ह मी, म्हणजे तिथला भरलेला पाव, कुठे खायचा? शहराचं जुनं नाव सायगॉन. तिथली माणसं बोलताना अजून तेच वापरतात, म्हणून मीही तेच लिहिते. बान्ह मीची काचेची गाडी तिथे दर दोन गल्ल्यांना भेटते आणि तिथला पाव मुळीच वाईट नसतो. पण ठरवून एखाद्या दुकानातच जायचं असेल, तर ही तीन नावं हमखास ऐकायला मिळतात.

आधी पावाबद्दल, कारण माझ्या मते निवड त्यावरच व्हावी. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला, तिकडे फ्रेंचांबरोबर. सायगॉनचा पाव वीतभर लांब आणि हलका असतो. कवच ब्रुनपेक्षा पातळ, आत जवळजवळ पोकळ. दाबला की कुरकुरत तुटतो. तिथल्या दमट हवेत हे कवच फार वेळ टिकत नाही, तास-दोन तासांत चिवट होतं. म्हणून पाव हातात येताना गरम आहे का आणि तो लगेच खायला जागा आहे का, हे मी आधी बघते. आत काय भरलंय ते नंतर.

काओ थांग रस्त्यावरचं होआ मा या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं. 1954 साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. त्यांतल्याच एका जोडप्याने 1958 मध्ये हे दुकान काढलं आणि दोन वर्षांनी आजच्या जागी आणलं. तोवर पाव, लोणी, हॅम हे सगळं फ्रेंच पद्धतीने बशीत वेगवेगळं मांडून खायची रीत होती. पावाच्या पोटातच सगळं भरून हातात द्यायची सायगॉनमधली सुरुवात या दुकानाच्या नावावर सांगतात. गंमत म्हणजे आज लोक इथे येतात ते मोकळ्या मांडणीसाठीच. छोट्या कढईत दोन अंडी, सॉसेज, हॅमचे तुकडे आणि कांदा चुरचुरत समोर येतो, बाजूला गरम पाव आणि गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. गल्लीत भिंतीला लागून बुटकी स्टुलं मांडलेली असतात. पाव मोडायचा, अर्धवट पिवळ्यात बुडवायचा. पाव-ऑम्लेटवर वाढलेल्या माणसाला इथे काही शिकवावं लागत नाही. अट एकच: हे सकाळचं दुकान आहे. नऊच्या आत पोचा, दुपारी गेलात तर हात हलवत परत याल.

ले थी रिएंग रस्त्यावरच्या हुइन्ह होआचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे निवडण्यासारखं फारसं नाही. डुकराच्या मांसाचे थंड काप थरावर थर, कलेजीचं जाडसर पाते (पावाला फासायचं वाटण), अंड्याच्या बलकाचं लोणी. काकडी, लोणचं, मिरची वेगळ्या पिशवीत. एक पाव साधारण 400 ग्रॅमचा. गाडीवरचा बान्ह मी 20-30 हजार डाँगला मिळतो, म्हणजे शंभर रुपयांच्या आत-बाहेर. इथे त्याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. मांस आवडीने खाणाऱ्या दोघांनी मिळून एक घ्यावा, पैसे वसूल आहेत. पण हॉटेलवर नेऊन खाल्लात तर त्या भाराखाली पाव दबलेला असतो. तिघांत सगळ्यात जास्त नाव याच दुकानाचं आहे, तरी माझी पहिली शिफारस हे नाही.

न्यू लान ही मुळात बेकरी आहे, 1968 पासूनची, हाम न्घी रस्त्यावर. बेन थान्ह बाजारापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालू. भट्टी स्वतःची असल्यामुळे पाव दिवसभर ताजा मिळतो. समोरच्या काउंटरवर तुम्ही बोट दाखवाल ते पावात भरून देतात. शिवाय केक, बिस्किटं, फळांचे रस, शरद पौर्णिमेच्या सणाआधी मूनकेक. इथला भरलेला बान्ह मी होआ माच्या तोडीचा नाही, हे खरं. पण घरात पाच जणांच्या पाच आवडी असतील तर हीच जागा. मुलांना केक, आजोबांना नुसता गरम पाव, कुणाचीच उपासमार नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्यावं. माझ्याबरोबर आई होती. ती अंडं खाते, मांस नाही. पाते म्हणजे कलेजी, वरची तपकिरी भुरभुर म्हणजे डुकराच्या मांसाचा कीस, आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी पाते आधीच लावलेलं असू शकतं. ‘खोंग थित’ म्हणजे मांस नको, ‘खोंग पाते’ म्हणजे पाते नको. दोन्ही म्हणा. होआ मात नुसती अंडी मागता येतात, आईने तेच केलं आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच चला म्हणाली. अंडंही चालत नसेल तर या तिघांचा नाद सोडा आणि ‘चाय’ अशी पाटी शोधा. लिहितात chay, उच्चार हिंदीतल्या चहासारखा, अर्थ शाकाहारी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस टाळतात, त्या दिवशी अशा गाड्या जास्त दिसतात.

एकच सकाळ हाताशी असेल तर होआ मा. मुलंबाळं, म्हातारी माणसं, अवेळी लागलेली भूक असेल तर न्यू लान. दोन्ही जमत असेल तर सकाळी कढई, आणि रात्रीच्या बसला निघण्याआधी न्यू लानचे चार पाव. ते मात्र बस सुटायच्या आत संपवा.