लिलावातून घेतलेली दुसऱ्या पिढीची माझदा रोडस्टर : पावसाळा आणि हिवाळा सरल्यानंतरचा अनुभव

जपानमध्ये राहणाऱ्या माणसाला जुनी, कापडी छताची, दोन आसनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. 1991 साली आलेल्या होंडा बीट आणि सुझुकी कॅपुचिनो या चिमुकल्या गाड्या आहेत, होंडाची 1999 ते 2009 या काळातली एस 2000 आहे, आसनांच्या मागे इंजिन असलेली टोयोटा एमआर-एस आहे. मी या सगळ्या बाजूला ठेवून माझदा रोडस्टर घेतली, आणि तिच्यातही दुसऱ्या पिढीची, म्हणजे 1998 ते 2005 या काळातली. बीट आणि कॅपुचिनो अमेरिकेत अधिकृतपणे कधीच विकल्या गेल्या नाहीत. आता त्यांना 25 वर्षे उलटून गेल्यामुळे तिथल्या नियमानुसार त्या आयात करता येतात, आणि चांगल्या गाड्यांवर परदेशी खरेदीदारांच्या बोल्या लागतात. एस 2000 माझ्या आवाक्याबाहेर होती. एमआर-एस चालवायला सुरेख आहे, पण तिच्यात दोन माणसांचे दोन दिवसांचे सामान ठेवायलाही जागा नाही.

पहिल्या पिढीचा मोह मात्र सहज सुटण्यासारखा नव्हता. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात जगासमोर आलेली आणि जपानमध्ये त्याच वर्षी युनोस रोडस्टर या नावाने विक्रीला आलेली ती गाडी, तिचे उघडझाप करणारे दिवे, जेमतेम 940 किलोंपासून सुरू होणारे वजन, हे सगळे मनात होतेच. पण तिच्या छताची मागची खिडकी प्लॅस्टिकची, ती कालांतराने पिवळी पडते आणि घडीवर चिरते. दुसऱ्या पिढीला काचेची खिडकी मिळाली, तीही धुके घालवणाऱ्या तारांसकट. मला ही गाडी वर्षभर, सगळ्या ऋतूंत वापरायची असल्यामुळे हा फरक माझ्या दृष्टीने दिव्यांच्या देखणेपणापेक्षा मोठा ठरला. शेवटी 2000 सालच्या बदलांनंतरची, 1.8 लिटर इंजिनाची, 160 अश्वशक्तीची आणि सहा गिअरची गाडी शोधायचे ठरवले.

इथल्या वाहन लिलावांत सामान्य ग्राहकाला थेट बोली लावता येत नाही. जुन्या मालाच्या व्यापाराचा परवाना असलेले आणि त्या लिलावाचे सभासद असलेले व्यावसायिकच आत जाऊ शकतात. आपण त्यांच्यापैकी कोणाला तरी ठरलेले शुल्क देऊन आपल्या वतीने बोली लावायला सांगायचे. चिबा प्रांतातील नोदा येथे दर गुरुवारी भरणाऱ्या यूएसएस टोकियोसारख्या मोठ्या लिलावात एकेका दिवशी हजारो गाड्या येतात आणि एकेका गाडीचा निकाल अक्षरशः काही सेकंदांत लागतो. माझी गाडी त्यापेक्षा लहान लिलावातून आली, पण पद्धत तीच. अशा वेगात विचार करायला वेळच नसतो, त्यामुळे वरची मर्यादा आदल्या दिवशी ठरवून मध्यस्थाला लेखी कळवावी आणि बोली चालू असताना ती वाढवू नये, असे मी मनापासून सुचवेन.

बोली लावायची ती एका पानाच्या तपासणी तक्त्याच्या भरवशावर. त्यात गाडीला एकूण श्रेणी असते. विशीच्या पुढच्या गाडीला 3.5 मिळाली असेल तर ती चांगली समजावी आणि 4 असेल तर पुन्हा एकदा नीट वाचावी, कारण एवढी चांगली श्रेणी कधीकधी ताज्या रंगकामामुळेही येते. आतल्या भागाला वेगळे अक्षर असते. गाडीच्या उलगडलेल्या चित्रावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पोखरत गेलेला गंज, अशा खुणा असतात आणि शेजारचा आकडा तो दोष किती मोठा आहे हे सांगतो. बदललेल्या पत्र्यावर दुहेरी फुली असते. चॅसिसचे मुख्य भाग, खांब किंवा तळाचा पत्रा यांची दुरुस्ती झाली असेल तर गाडी आर, म्हणजे मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांच्या, श्रेणीत जाते. नुसते बॉनेट किंवा पुढचा फेंडर बदलला तर जात नाही. ही पद्धत प्रामाणिक आहे आणि तपासनीस आपले काम चोख करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो तक्ता सगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी एकच आहे, आणि कापडी छताच्या गाडीचे आयुष्य ज्यावर ठरते ती गोष्ट त्यात जवळपास येतच नाही. ती गोष्ट म्हणजे पाणी.

रोडस्टरच्या छतावर पडलेले पाणी मागच्या बाजूला, छताच्या कडेने बसवलेल्या पन्हळीत जमा होते आणि आसनांच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या छिद्रांतून नळ्यांवाटे खाली उतरून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानांचा चुरा आणि धूळ त्या छिद्रांत साचते. मग पाणी तुंबते, आसनांमागच्या गालिच्यात झिरपते आणि दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यात उतरते. तो पत्रा आतून कुजू लागतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो. तक्त्यावर एस लिहिले जाते तेव्हा गंज बाहेर आलेला असतो, म्हणजे आतले नुकसान बरेच आधी झालेले असते. या पिढीची दुसरी दुखरी जागा पुढच्या बाजूला आहे. इंजिनाच्या दोन्ही अंगांना जाणाऱ्या चॅसिसच्या दांड्या काही भागात दुहेरी पत्र्याच्या आहेत. त्या दोन थरांमध्ये ओल अडकली की त्या आतून झिजतात, आणि या दांड्यांनाच पुढचे सस्पेन्शन जोडलेले असल्यामुळे ही झीज केवळ दिसण्यापुरती राहत नाही.

म्हणून मध्यस्थाला मी एकच आग्रहाची विनंती केली होती. लिलावापूर्वी गाडी पाहायची सोय असते, तेव्हा इंजिनाचा आवाज, रंगाची चमक हे सगळे दुय्यम धरा. आधी दोन्ही आसनांमागचा गालिचा उचलून त्याखाली हाताचा तळवा दाबून बघा आणि कुबट वास येतो का ते सांगा. आधी पाहिलेल्या गाड्यांपैकी एकीचा तक्ता अतिशय देखणा होता, श्रेणीही वरची होती, पण तळवा ओला झाला. ती सोडली. जी घेतली तिच्या डाव्या मागच्या फेंडरवर एस ची लहान खूण होती, दरवाज्यावर पोचा होता, छताला एका ठिकाणी ठिगळ होते आणि गालिचा कोरडा ठणठणीत होता. आज इतक्या महिन्यांनंतर मला वाटते की त्या एका चाचणीचे मोल तक्त्यावरच्या अर्ध्या श्रेणीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम निचऱ्याचे केले. मेकॅनिकने लांब, लवचीक दांड्याचा बारीक ब्रश त्या छिद्रात हळूहळू फिरवत खाली उतरवला. वर आला तो काळा, चिकट गाळ आणि त्यात चक्क पाइनच्या सुया. मग त्याने कपभर पाणी ओतले आणि आम्ही दोघे वाकून मागच्या चाकाशी बघत राहिलो. उजवीकडे पाणी धारेने पडले, डावीकडे आधी थेंब थेंब आणि आणखी दोनदा ब्रश फिरवल्यावर धार. नळीत कधीही जोरदार हवेचा झोत मारू नये, असे त्याने बजावले; खालच्या बाजूला नळी निसटली तर पाणी नेमके जिथे जायला नको तिथे जाते आणि वरून काहीच कळत नाही. त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून त्याने पुढच्या दोन्ही दांड्यांवर छोट्या हातोडीने टिचक्या मारल्या. सगळीकडून खणखणीत आवाज आला, फक्त डावीकडे एका वीतभर भागात तो किंचित दबका होता. तिथे गंजरोधक मेण आतून फवारून घेतले आणि त्या जागेवर खडूने खूण करून फोटो काढून ठेवला, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

जूनमध्ये पावसाळी हंगाम सुरू झाला आणि छताची खरी परीक्षा झाली. मागून पाणी आले नाही. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे छताचे रबर आणि दरवाज्याच्या काचेचे रबर एकमेकांना भेटतात, तिथून मात्र मुसळधार पावसात एखादा थेंब मांडीवर पडत असे. रबर बदलण्याआधी छताच्या दोन्ही पकडी अर्ध्या फेऱ्याने घट्ट केल्या, रबरांना सिलिकॉन ग्रीस चोळले आणि गळती थांबली. अनेक जण इथेच घाई करून नवे छत घेतात. आधी एवढे करून पाहावे. थंडीत छत उघडताना कापड कडक झालेले असते, तेव्हा आधी हीटर लावून आतली हवा गरम होऊ द्यावी आणि मगच घडी घालावी. काचेची खिडकी असल्यामुळे, घडी घालण्याआधी पहिल्या पिढीसारखी खिडकीची चेन उघडण्याचा खटाटोप नाही. दोन पकडी सोडल्या की बसल्या जागेवरून एका हाताने छत मागे टाकता येते, आणि त्यामुळेच ते रोज उघडले जाते.

आता चालवण्याविषयी. गाडीचे वजन 1,000 किलोंच्या थोडेच वर आहे. बॅटरी डिकीत आहे, इंजिन पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे सरकवलेले आहे, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जोडलेली आहे, त्यामुळे पायाचा दाब आणि मागच्या चाकांची ओढ यांच्यात कुठे ढिलाई जाणवत नाही. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाकाला वरून आणि खालून दोन दांड्यांनी धरणारे, सस्पेन्शन आहे. या सगळ्याचा अर्थ मला नागानो प्रांतातल्या व्हीनस लाइनच्या वळणांवर कळला. वळणात शिरताना स्टिअरिंगला लागणारा जोर हळूहळू वाढत जातो, पुढच्या टायरची पकड किती उरली आहे ते बोटांना समजते, आणि गाडी आपल्या कमरेभोवती वळते आहे असे वाटते. वेग तेव्हा काही फार नसतो, आणि मला तरी तीच या गाडीची सर्वांत मोठी देणगी वाटते: नियमांत राहून, कोणालाही धोक्यात न घालता, चालवण्याचा पूर्ण आनंद मिळतो. इंजिन मिनिटाला 7,000 फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देते आणि 4,000 च्या वर मोकळे होते. त्याखाली ते शांत, काहीसे सुस्त आहे. सहा गिअरचा दांडा छोट्या अंतरात, खटक्याने पडतो. सकाळी गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर विरोध करतो. तेल बदलल्यावर फरक पडला, पण पहिले काही किलोमीटर सबुरीने चालवणे हाच उपाय आहे.

द्रुतगती मार्गावर ही गाडी दमवते. 100 च्या वेगाला सहाव्या गिअरमध्येही इंजिन सुमारे 3,000 फेऱ्यांवर असते, छत बंद असले तरी वाऱ्याचा आवाज सतत कानावर येतो आणि ट्रकच्या शेजारून जाताना आपण किती खाली बसलो आहोत याची जाणीव होते. लांबच्या प्रवासात मी दर दोन तासांनी थांबतोच. उंच माणसाने घेण्याआधी एकदा बसून पाहावे, कारण स्टिअरिंग ना वर-खाली होते ना पुढे-मागे.

खर्चाचा हिशेब किमतीवर संपत नाही. मध्यस्थाचे व लिलावाचे शुल्क, वाहतूक, रिसायकलिंगची अनामत, नावबदल आणि पार्किंगची जागा असल्याचा पोलिसांकडचा दाखला हे सगळे सुरुवातीलाच येते. नोंदणीला 13 वर्षे उलटल्यामुळे 1.5 ते 2 लिटर वर्गातला वार्षिक कर 39,500 ऐवजी सुमारे 45,400 येन पडतो. दर दोन वर्षांनी होणाऱ्या शाकेन या सक्तीच्या वाहन तपासणीच्या वेळी वजनावर कर भरावा लागतो आणि तिथे एक बारकावा आहे: 18 वर्षांवरच्या गाडीला 1,000 किलोंपर्यंत 25,200 येन आणि त्यापुढे 1,500 किलोंपर्यंत 37,800 येन. म्हणजे हलकी पहिली पिढी खालच्या टप्प्यात बसते आणि माझी गाडी थोडक्यासाठी वरच्या टप्प्यात जाते. गाडी घेताना शाकेन किती शिल्लक आहे आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला याची चिकटपट्टी बॉनेटखाली आहे का, या दोन गोष्टी किमतीत धराव्यात. माझ्या गाडीवर ती चिकटपट्टी होती आणि त्यामुळे एक मोठा खर्च टळला.

सुट्या भागांची स्थिती मिश्र आहे. पहिल्या पिढीसाठी माझदाने 2017 मध्ये पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम जाहीर केला आणि छतासह अनेक भाग पुन्हा बनवायला घेतले. दुसऱ्या पिढीचे नेहमी झिजणारे भाग सहज मिळतात, कारण गाड्याच पुष्कळ विकल्या गेल्या आहेत. आतल्या सजावटीचे प्लॅस्टिकचे तुकडे मात्र जुन्या गाड्यांतूनच शोधावे लागतात. माझ्याकडे आतापर्यंत इंजिनाच्या वरच्या झाकणाचे गॅस्केट, एक इग्निशन कॉइल आणि क्लचचा खालचा सिलिंडर एवढे बदलावे लागले. यातले काहीही या वयाच्या रोडस्टरला नवे नाही.

हिवाळ्यात डोंगराळ रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तशा रस्त्यावरून आल्यावर त्याच दिवशी गाडीचा तळ आणि चाकांच्या कमानी पाण्याने धुवून घेण्याचा नेम मी मोडला नाही. मार्चमध्ये गाडी पुन्हा लिफ्टवर चढवली तेव्हा खडूची खूण पुसली गेली होती, पण फोटोवरून जागा सापडली आणि हातोडीचा आवाज होता तसाच दबका होता, वाढलेला नव्हता. तरीही पुढच्या शाकेनपूर्वी तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यायचे ठरवले आहे. मेकॅनिकने शरद ऋतूतली तारीख दिली आहे, कारण त्या कामानंतर मेण आतपर्यंत नीट पसरायला हवा कोरडी आणि उबदार असावी लागते.